समोर कोण होते?

कोल्हापूर जिल्ह्यात दोन वाद कधी मिटत नाहीत. एक तांबड्या रश्श्याचा आणि दुसरा फुटबॉलचा. रश्श्याचा वाद निदान पंगत उठली की थांबतो. फुटबॉलचा वाद मात्र पानाच्या टपरीपासून नदीच्या घाटापर्यंत माणसाची सोबत करतो. पाटाकडील तालीम थोर की खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब थोर की शिवाजी तरुण मंडळ, या प्रश्नावर सख्खे साडू वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत असे सांगितले, तर कोल्हापुरात कुणाला नवल वाटणार नाही.

आमचे कुरुंदवाड कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, शिरोळ तालुक्यातले. शाहू स्टेडियम इथून लांब. तरीही हा वाद इथवर पोहोचतोच, आणि पोहोचता पोहोचता त्याचे रूप पालटते. गावात पेठांचे संघ नाहीत, म्हणून वाद शाळांच्या संघांवर येतो. ‘आमच्या वेळचा शाळेचा संघ’ हे शब्द कुणी उच्चारले, की समजावे, आता तासाभराची निश्चिंती झाली. कुणी म्हणतो, त्या वर्षी आमच्यावर एकही गोल झाला नाही. दुसरा म्हणतो, आम्ही अनवाणी खेळून जिल्ह्याला गेलो होतो. मग एखादा तरणा गडी हसून विचारतो, ‘आबा, तुमच्या वेळेला गोल मोजत होते, का नुसतंच पळत होता?’ आणि आबांचा चहा थंड होतो.

हा वाद मला मनापासून आवडतो. पण अनेक वर्षे तो ऐकल्यावर माझे असे मत झाले आहे, की त्यात एक प्रश्न हमखास विचारायचा राहून जातो. आपल्या संघाने किती सामने जिंकले, किती गोल केले, कोणती ढाल आणली, हे सगळे सांगून होते. समोर कोण होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

शाळेच्या संघाची गोष्ट मुळातच वेगळी असते. पेठेचा संघ पिढ्यान् पिढ्या चालतो. आजोबा, बाप, नातू एकाच रंगाची जर्सी घालतात. गरज पडली तर बाहेरून खेळाडू आणता येतो. गेल्या काही वर्षांत नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही कोल्हापूरच्या पेठांच्या जर्सीत धावताना लोकांनी पाहिले. शाळेच्या संघाला ही सोय नाही, निदान नसावी. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून जी मुले दप्तर घेऊन येतील, त्यांतूनच अकरा जण उभे करायचे. आठवीत आलेला मुलगा दहावीनंतर निघून जातो. म्हणजे संघाचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे. शाळेचा संघ हे त्या गावाचे त्या वर्षीचे पीक असते. दुसऱ्या वर्षी तेच शिवार, पण पीक वेगळे.

त्यामुळे या संघांची तुलना करायला हाताशी फार थोडे उरते. चित्रफिती नसतात. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी, शाळेच्या कपाटातली काळवंडलेली ढाल आणि माणसांची आठवण, एवढाच पुरावा. आणि आठवण ही मोठी पक्षपाती असते, हे घरात दोन भाऊ असलेल्या कुणालाही सांगायला नको.

मग आकडे तरी खरे बोलतात का? महाराष्ट्रातल्या शालेय खेळात सर्वात गाजलेला संघ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण फुटबॉल सोडून क्रिकेटकडे वळतील आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे नाव घेतील. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. समोर सेंट झेवियर्स. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. शारदाश्रमाने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. रमाकांत आचरेकर सरांच्या शिष्यांचा हा पराक्रम महाराष्ट्रातल्या घराघरांत अजून सांगितला जातो. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला अमोल मुजुमदार वाट पाहतच राहिला, हाही त्या कथेचा भाग. तो अमोल भारताकडून कधी खेळला नाही, पण २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्यांचा मुख्य प्रशिक्षक होता.

आता आकड्यांचेच राज्य असते तर शारदाश्रमाची थोरवी केव्हाच पुसली गेली असती. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची अभेद्य भागीदारी केली. ६६४ चा विक्रम मोडला. पण समोरचा संघ अवघ्या २१ धावांत बाद झाला होता. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे या मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्या संघात बरीच नवखी मुले होती, असे तेव्हाच्या वृत्तांतांत आले होते. प्रणवच्या चिकाटीबद्दल शंका नाही. उन्हात उभे राहून हजार धावा काढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण त्याच्या शाळेचा तो संघ इतिहासातला सर्वात थोर शालेय संघ होता, असे कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. १४६५ हा आकडा ७४८ च्या जवळजवळ दुप्पट आहे, तरीही.

असे का? कारण आपण तोंडाने आकडे बोलत असलो, तरी मनात दुसरेच माप लावत असतो. १९८८ च्या त्या सेंट झेवियर्सच्या संघात सायराज बहुतुले होता. पुढे तो मुंबईचा आघाडीचा फिरकी गोलंदाज झाला आणि भारताकडून कसोटीही खेळला. हॅरिस शील्ड ही मुंबईतली शतकभराहून जुनी स्पर्धा. अंजुमन-ए-इस्लामसारख्या शाळा त्या काळी शारदाश्रमाला तोडीस तोड उत्तर देत. अशा गर्दीतून वर आलेला संघ होता तो. ६६४ ला वजन आले ते या गर्दीमुळे.

गंमत म्हणजे सातासमुद्रापार अमेरिकेतही हाच वाद असाच रंगतो. तिथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, आपल्याला न कळणारा खेळ. पण शाळांच्या सामन्यांना गावेच्या गावे लोटतात. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावच्या डी ला साल या शाळेने १९९२ ते २००४ या काळात लागोपाठ १५१ सामने जिंकले. एवढे झाल्यावर वाद संपायला हवा होता. उलट शंकेखोरांना जोर चढला. आजूबाजूच्या दुबळ्या शाळांना हरवण्यात कसली आली मर्दुमकी, असे ते म्हणू लागले. शाळेने मग दूरदूरचे तगडे प्रतिस्पर्धी शोधले. २००१ मध्ये लाँग बीच पॉली या नामांकित शाळेच्या मैदानावर जाऊन त्यांना हरवले, तेव्हा कुठे अनेकांची तोंडे बंद झाली. १५१ विजयांनी जे सिद्ध झाले नाही, ते त्या एका सामन्याने झाले.

आपल्या भारतीय फुटबॉलचेच पाहा ना. आपला सर्वश्रेष्ठ संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला, की १९६२ मध्ये जाकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकणारा? दोन्ही संघ रहीमसाहेबांनी घडवलेले. १९५६ चे चाहते सांगतात, आपल्या मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९६२ चे चाहते म्हणतात, बरोबर आहे, पण मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. जाकार्ताच्या अंतिम सामन्यात मात्र समोर दक्षिण कोरिया होता, १९५६ आणि १९६० असा दोनदा आशिया चषक जिंकलेला, आणि त्याला आपण २-१ असे हरवले. वाद कुठेही ऐका, थोडा खरवडला की खालून तोच प्रश्न निघतो. समोर कोण होते?

कोल्हापूरच्या पेठांना हे न सांगता कळलेले आहे. पाटाकडीलचा खरा चाहता खंडोबाला शिव्या घालतो, पण खंडोबाचा संघ एखाद्या वर्षी लेचापेचा निघाला तर त्यालाच हळहळ वाटते. जिंकण्याची चवच जाते. हे फुटबॉल तालमींतून वाढले, आणि तालमीचा पहिला धडा हाच असतो, की जोड तगडी असल्याशिवाय पैलवान घडत नाही. दुबळ्या गड्याला चीतपट करून फेटा उडवणाऱ्याला आपल्याकडची कुस्तीशौकीन माणसे टाळी देत नाहीत. हीच ईर्षा जेव्हा वैर बनते, स्टेडियमबाहेर दगड उचलले जातात आणि सामने थांबवावे लागतात, तेव्हा नुकसान एकट्या प्रतिस्पर्ध्याचे होत नाही. ज्याच्यामुळे आपण मोठे झालो, त्यालाच आपण मैदानातून हाकलत असतो.

कुरुंदवाडकरांना हे पटवायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या गावाचे नाव जगाच्या नकाशावर गेले ते वेटलिफ्टिंगमुळे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी कांस्यपदके मिळवली. तिघेही कुरुंदवाडचे! वीस-बावीस हजार वस्तीच्या गावाला एका स्पर्धेत तीन राष्ट्रकुल पदके. मिरवणुकीत उडालेला गुलाल अजून कुठल्यातरी फटीत सापडेल.

आता तिघांत श्रेष्ठ कोण, यावर गावात चर्चा झाली नसती तरच नवल. इथे तर काम सोपे, कारण किलो खोटे बोलत नाहीत. गणेशने ५६ किलो गटात एकूण २४४ किलो उचलले, ओंकारने ६९ किलो गटात २९६, आणि चंद्रकांतने ९४ किलो गटात ३३८. मग चंद्रकांत श्रेष्ठ? पण गणेशने स्वतःच्या वजनाच्या चौपटीहून अधिक उचलले आणि चंद्रकांतने साडेतीन पटीहून थोडे अधिक. मग गणेश श्रेष्ठ? पण लहान चणीच्या गड्याला हे गुणोत्तर नेहमीच अनुकूल असते. त्यातून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने वजनगटच बदलले. ५६, ६९ आणि ९४ हे तिन्ही गट त्या वेळी बंद झाले. म्हणजे त्यानंतरच्या पोराशी तुलना करायची म्हटली, तर गटच बदललेले. जिथे किलो आणि ग्रॅममध्ये पराक्रम मोजला जातो, तिथेही श्रेष्ठत्वाचा वाद सुटत नाही. मग फुटबॉलमध्ये तो कसा सुटावा?

मला या तिघांचे श्रेय वाटून देण्यापेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एका लहानशा गावात एकाच काळात तिघे जण या उंचीला पोहोचले. एकाने वजन वाढवले की दुसऱ्याला झोप येऊ नये, अशी संगत असल्याशिवाय हे होत नाही. आणि तिघांच्या मागे कितीतरी अशी मुले असणार, ज्यांनी त्याच लोखंडाशी झटापट केली, राज्य पातळीपर्यंत गेली किंवा तेवढीही गेली नाहीत, आणि आज शेतीत, दुकानात, नोकरीत आहेत. पदक तिघांच्या गळ्यात पडले. ते उचलले मात्र साऱ्या तालमीने.

माझ्या या मापालाही एक भोक आहे, हे मी जाणतो. मुलींच्या संघांचे काय? आमच्या भागात वर्षानुवर्षे मुलींचे संघ मोजकेच उतरत. घरचे पाठवत नसत, शाळांना उत्साह नसे. एखाद्या शाळेच्या मुलींनी अशा काळात संघ उभा केला आणि समोर खेळायला जेमतेम एक-दोन संघ मिळाले, तर त्यांना कमी लेखायचे का? मुळीच नाही. त्यांचा प्रतिस्पर्धी मैदानात दिसत नव्हता, इतकेच. तो घरात होता, गल्लीत होता, चौकात टोमणे मारत होता. त्याला हरवून त्या मैदानात पोहोचल्या होत्या. समोर कोण होते, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत जास्तच काळजीपूर्वक विचारायला हवा.

आता मुद्द्याचे बोलतो. शालेय स्पर्धांची रचना आपल्या परिचयाची आहे. तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट. कागदावर सगळे ठीक आहे. पण अलीकडे तालुक्याच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो, की एक शब्द फार वेळा कानी पडतो. ‘पुढे चाल’. समोरचा संघ आलाच नाही, म्हणून हा संघ न खेळता पुढच्या फेरीत. पुढच्या फेरीतही तेच. एखादा संघ एकच सामना खेळून तालुक्याचा विजेता होतो. दुसऱ्या दिवशी मुलांचा, मुख्याध्यापकांचा आणि क्रीडाशिक्षकांचा फोटो छापून येतो. मुलांचा त्यात काही दोष नाही. ती बिचारी बूट बांधून खेळायला आलेली असतात. पण असा विजेता जिल्ह्याला जातो आणि पहिल्याच सामन्यात पाच गोल खाऊन परततो, तेव्हा त्याला कसलाच सराव मिळाला नव्हता, हे आपण विसरतो.

संघ का येत नाहीत? कारणे सर्वांना ठाऊक आहेत. शाळा सुटते तेव्हा शिकवणी सुरू होते. काही शाळांना मैदान नाही. काहींना मैदान आहे, पण क्रीडाशिक्षकाच्या खांद्यावर भूगोलाचे तासही आहेत. आमच्याकडे त्यात पुराची भर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेचे पाणी ऐन पावसाळी सत्रात गावात शिरले. पाणी ओसरल्यावर आधी घरातला गाळ काढायचा की मैदानातला, हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि जो मुलगा खरोखर चमकदार असतो, तो लवकरच प्रबोधिनीत किंवा अकादमीत जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव असाच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याने जायलाच हवे होते. कुठल्याही गुणी मुलाला गावात अडकवून ठेवण्याचा हक्क कुणाला नाही. पण एक अनिकेत गेल्यावर शाळेत मागे राहिलेल्या दहा जणांनी खेळायचेच थांबवले, तर पुढचा अनिकेत कुणाला चकवून शिकणार?

मोठा खेळाडू घडवण्याच्या योजना आपण पुष्कळ आखतो. हरणारे संघ टिकवण्याची योजना मात्र मी कुठे पाहिलेली नाही. वास्तविक स्पर्धा उभी असते ती त्यांच्यावरच. सोळा शाळांची स्पर्धा असेल तर पंधरा शाळा हरणारच असतात. त्या पंधरांना पुढच्या वर्षी पुन्हा यावेसे वाटले, तरच सोळाव्याच्या ढालीला किंमत. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाला सकाळी साठ मिनिटे खेळवून दुपारच्या एसटीने परत पाठवले, तर त्या शाळेचे सर पुढच्या वर्षी कशाला धडपडतील? हरलेल्या संघांचे आपसांत आणखी दोन सामने लावायला फार पैसा लागत नाही. एक शिट्टी, दोन जाळ्या आणि थोडी सवड पुरते.

म्हणून सर्वात थोर शालेय संघ कोणता, या प्रश्नाला माझे उत्तर थोडे आडवळणाचे आहे. ज्या वर्षी तालुक्यातल्या सर्वात जास्त शाळांनी संघ उतरवले, त्या वर्षीचा विजेता सर्वात थोर. त्याने किती गोल केले हे मी नंतर विचारीन. आणि त्या वर्षाचा मान मी एकट्या विजेत्याला देणार नाही. जे उपांत्य फेरीत एका गोलाने हरले, ज्यांचा गोलरक्षक ताप अंगात घेऊन उभा राहिला, ज्या शाळेने उधारीवर बूट आणून संघ पाठवला, त्या सर्वांचा त्यात वाटा आहे.

हे सारे सिद्ध करायला नोंदी लागतात, आणि नोंदी करायची आपल्याला सवय नाही. अजून जुने खेळाडू आहेत, जुने सर आहेत. त्यांना विचारून शाळाशाळांतून एक वही घातली, तर पुढच्या पिढीला वाद घालायला निदान खरा मसाला मिळेल. या कामाला आणखी एक छोटी जोड द्यावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक शाळेच्या कार्यालयाबाहेर विजेत्या संघांचा लाकडी फळा असतो. पांढऱ्या रंगात वर्ष आणि कर्णधाराचे नाव. त्या नावाखाली थोडी जागा असते. तिथे एक ओळ आणखी रंगवून घ्यावी. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात समोर कोणती शाळा होती, आणि तिचा कर्णधार कोण होता. रंगाऱ्याचा एका दुपारचा खर्च आहे.